पोरगा तयार आहे का?

प्रश्न : ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकीय खेळात माझा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप डबल-ए या खालच्या लीगमध्ये धुमाकूळ घालतोय. थेट मेजर लीगमध्ये आणू का?

उत्तर : एवढी घाई कशाला? महिनाभराच्या सरासरीवर भाळू नका. तो स्ट्राइकआउट किती होतो आणि वॉक किती मिळवतो, ते बघा. २० ते ८०च्या मापात पोटेन्शियल ७० दिसतं, पण आजचा कॉन्टॅक्ट ३५ असेल तर वरचे पिचर त्याला सोलून काढतील. आधी ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची पायरी. वर आणून बाकावर बसवणं तर सगळ्यात वाईट. रोज खेळायला मिळणार नसेल तर खालीच बरा. शिवाय मेजर लीगमध्ये हंगामाचे १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा झाली की गडी फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघात जायला मोकळा! म्हणून ते वर्ष भरू नये यासाठी मीही कधीकधी पोराला वर आणणं एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे पुढे ढकलतो. चलाखी आहे खरी.