मातीतील अदृश्य सोबती

धुळ्याहून आग्र्याच्या हमरस्त्याने उत्तरेकडे निघाले, की सोनगीरचा किल्ला दिसू लागतो. हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. तांबे व जस्त एकत्र आले म्हणजे पितळ तयार होते, आणि ते तांब्याहून अधिक कठीण असते. दोन निराळ्या वस्तूंच्या मिलाफातून असे नवे बळ निर्माण होते. असाच एक मिलाफ आपल्या पायांखालच्या मातीतही घडत असतो. मात्र तो डोळ्यांना दिसत नाही.

सोनगीरच्या पुढे तापीचे खोरे लागते. या तापीला जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा नदी मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत जो खारा प्रदेश पसरला आहे, त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. तेथील विहिरींचे पाणीही खारे असते. इतरत्रसुद्धा, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला वाजवीपेक्षा जास्त पाणी दिले, की खोलवरचे क्षार पाण्याबरोबर वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे पांढरा थर उरतो. सोन्यासारखे पीक देणारे शेत असे ओसाड पडले, तर शेतकऱ्याच्या घरावर केवढे संकट ओढवते!

खाऱ्या जमिनीत रोपाची दुहेरी कोंडी होते. माती ओली असली, तरी क्षारांमुळे मुळांना तिच्यातील पाणी सहज ओढून घेता येत नाही. पाण्याजवळ असूनही रोप तहानलेले राहते. शिवाय मिठातील सोडियम मुळांवाटे आत शिरते आणि पानांच्या कडा करपू लागतात.

अशा वेळी रोपाच्या साहाय्याला एक प्रकारची बुरशी धावून येते. बुरशी म्हटले, की शिळी भाकरी किंवा पिकावरील रोग आठवतो. पण सगळीच बुरशी वैरी नसते. १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळे व बुरशी यांच्या सहवासाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी व ‘रायझा’ म्हणजे मूळ. ही मैत्री फार पुरातन आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा सापडल्या आहेत.

ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरते आणि तिचे केसाहूनही बारीक तंतू मातीत दूरवर पसरतात. जेथे मुळे पोहोचत नाहीत, तेथील पाणी व स्फुरद हे तंतू रोपाला आणून देतात. त्यांच्या संगतीत रोप सोडियम कमी व पालाश अधिक घेते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. या उपकाराची फेड रोप पानांत तयार झालेल्या साखरेने करते. तुळस, पुदिना, मेथी, ओवा यांना हा सोबती मानवतो. मोहरी व कोबी यांचे कूळ मात्र सहसा त्याला जवळ करीत नाही.

ही बुरशी जिवंत मुळांवाचून वाढत नाही. म्हणून ती कुंडीतील मक्याच्या किंवा ज्वारीच्या मुळांवर वाढवतात. मग मुळांचे तुकडे मिसळलेली ती माती नव्या रोपाच्या मुळाशी घालतात. स्फुरदयुक्त खते भरमसाट दिली, तर मात्र ही मैत्री क्षीण होते.

तथापि, ही काही जादू नव्हे. बुरशी जमिनीतील क्षार काढून टाकीत नाही. ते फारच वाढले, तर तीही दुबळी होते. निचऱ्यासाठी चर खणणे, पाणी बेताने देणे, शेणखत व तागाचे हिरवळीचे खत घालणे, चोपण जमिनीत जिप्सम मिसळणे, ही कामे माणसानेच करावयाची असतात. माणसाने आपले कर्तव्य केले, म्हणजे मातीतील हा इवलासा सोबतीही आपला वाटा उचलल्यावाचून राहत नाही.

स्वाध्याय

१. पाण्याजवळ असूनही रोप तहानलेले का राहते?
२. रोप व बुरशी एकमेकांना काय देतात?
३. ‘ही काही जादू नव्हे’ असे पाठात का म्हटले आहे?