प्रत्येकाची पट्टी : संगीतशिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी सायंकाळच्या वंदनेत नुसते ओठ हलवू लागला. सहावीत असताना हाच मुलगा १४ एप्रिलच्या कार्यक्रमात सर्वांच्या पुढे उभा राहून भीमगीते गात असे. चौकशी केल्यावर कळले ते इतकेच, की त्याचा आवाज फुटला होता आणि मुले हसत होती. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा तो जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो आणि मधल्या काही महिन्यांत तो कोणत्या क्षणी कोठे घसरेल याचा भरवसा नसतो. शाळेची पेटी मात्र काळी चारवरच वाजत होती, कारण वर्गातील बहुतेकांना ती पट्टी सोयीची होती. ज्याला ती सोयीची नाही त्याने गप्प राहावे, असा नियम कोणी केला नव्हता. तो आपोआप लागू झाला होता.

याच सुमारास शाळेच्या एका हितचिंतकाने प्रस्ताव मांडला. संगीताचे शिक्षक आपल्याकडे आठवड्यातून एकच दिवस येतात. तेव्हा प्रत्येक मुलाच्या हाती टॅबलेट द्यावा आणि जनरेटिव्ह एआय, म्हणजे नवनिर्मिती करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, हिच्या साहाय्याने प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे संगीत शिकवावे. संस्थेने या प्रस्तावाचा अभ्यास करण्यास मला सांगितले. मी इतिहासाचा शिक्षक, संगीताचा जाणकार नव्हे. म्हणून प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनेच गेलो. जे समजले ते पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक वाटते, कारण निर्णय अखेर आपणा सर्वांना घ्यावयाचा आहे.

ज्याला जसे समजेल तसे त्याला शिकवावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. चूळपन्थकाची कथा वसतिगृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होत नाही म्हणून थोरल्या भावाने, महापन्थकाने, त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला दुसरी सोपी गाथा दिली नाही. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि गाथेने जे साधले नव्हते ते वस्त्राने साधले. सोण कोळिविस या भिक्षूची कथा तर संगीताचीच आहे. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले, तरी मन स्थिर होईना. तथागतांनी त्याला प्रथम विचारले, की गृहस्थ असताना तू वीणा वाजवीत होतास ना? मग फार ताणलेली तार आणि फार सैल तार यांची उपमा त्यांनी दिली. वीणा वाजविणाऱ्याला वीणेतून समजावले, हे येथे ध्यानात घ्यावे. (आपल्यातील काही ज्येष्ठ उपासक अष्टशीलातील नृत्यगीतविषयक शीलाकडे बोट दाखवून शाळेत संगीत हवेच कशाला, असे विचारतात. ते शील उपोसथाच्या दिवशी पाळावयाचे आहे. पंचशीलात ते नाही.)

भारतीय संगीतातही एकेका शिष्याला समोर बसवून देण्याची तालीम फार जुनी. गुरू शिष्याचा गळा ओळखे, त्याची पट्टी ठरवी, त्याचा दोष त्याच क्षणी दुरुस्त करी. याहून व्यक्तिगत शिक्षण कोणते असणार? परंतु ही तालीम कोणाला मिळे, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. ती मुलाला, भाच्याला, जावयाला मिळे. बाहेरच्याला वर्षानुवर्षे घरकाम करूनही मिळेल याची खात्री नसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९ ते १९२६) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती अशाच खस्ता खाऊन. त्यांचे शिष्य, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरून, वेळापत्रकाने, वर्गात बसून गाणे शिकता येते हे त्यांनी दाखवून दिले. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी (१८६० ते १९३६) स्वरलेखनाची पद्धती रूढ केली, दहा थाटांची मांडणी केली आणि क्रमिक पुस्तकांतून घराण्यांच्या चिजा छापून टाकल्या. कुलूपबंद विद्या पुस्तकात आली, हे उपकार मोठेच.

मात्र त्याचीही किंमत होती. वर्गात सर्वांना एक पट्टी, एक पाठ, एक परीक्षा आली. शिवाय दार उघडले ते प्रामुख्याने पांढरपेशा घरांसाठी. जानकी बखले यांनी या दोघांवर २००५ साली लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात ज्यांच्या गळ्यात हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या होते त्या मुसलमान उस्तादांचे आणि व्यावसायिक गायिकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न नेमका उपस्थित केला आहे.

आणि आपण कोठे होतो? आपण वाजवीत होतो, पण गावकीचे काम म्हणून. ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी आपल्या माणसांनी गावकीची कामे सोडली, त्यांत हे वाजविणेही सुटले. आपल्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. पखवाज, झांज आणि पायपेटी यांच्या साथीवर रात्रभर दशावतार रंगतो. संहिता नसताना पात्रे संवाद जागच्या जागी रचतात. ही कला थोर आहे. परंतु ती देवळाच्या आवारात होई आणि माझ्या आजोबांनी ती दुरून उभे राहून पाहिली. आपले संगीत विद्यालय निराळेच होते: आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डकांनी १९७८ साली जलशांवर पुस्तक लिहून त्या विद्यालयाची नोंद ठेवली आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, आणि पुढे त्यांची गाणी महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. त्यांना ना घराण्याची तालीम होती ना गांधर्वची परीक्षा. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. पेटीच्या बारा ठोकळेबाज स्वरांत मींड बसत नाही, असे तिचे कारण होते आणि ते शास्त्रतः खरेही आहे. त्याच काळात आपली गाणी पेटीवरच वाढत होती.

आता यंत्राकडे येऊ. या विषयात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली आहे मोजणारी यंत्रणा. आपण गातो, ती स्वराची कंपनसंख्या मोजते आणि स्वर वर गेला की खाली राहिला ते पडद्यावर रेषेने दाखविते. हिंदुस्थानी संगीतासह निरनिराळ्या संगीतपरंपरांसाठी असे काम नीट व्हावे म्हणून बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २०११ साली झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प सुरू झाला. मुंबई आयआयटीच्या प्रीती राव यांचा गट त्यात सहभागी होता. त्या संशोधनाच्या वाटेनेच पुढे बंगळूरच्या एका कंपनीचे ‘रियाज’ हे ॲप आले. दुसरी आहे निर्माण करणारी यंत्रणा. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले, जानेवारी २०२३मध्ये गूगलने म्युझिकएलएमचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि पाठोपाठ सुनो, उडिओ यांसारखी यंत्रे सर्वांच्या हाती आली. दोन ओळींत वर्णन लिहिले की अख्खे गाणे मिळते. असंख्य ध्वनिमुद्रणे ऐकवून या यंत्रांना कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनी येण्याचा संभव अधिक, हे शिकविलेले असते. म्हणजे जे वारंवार घडले आहे तेच ती पुन्हा घडवितात.

आठवीच्या त्या मुलावर आम्ही दोन्ही वापरून पाहिल्या, शाळेच्याच लॅपटॉपवर, त्याच्या आईवडिलांना विचारून. मोजणाऱ्या यंत्रणेने पहिल्याच दिवशी सांगितले की त्याचा षड्ज आता काळी एकच्या आसपास आहे आणि वर पंचमापर्यंतच आवाज स्थिर राहतो. मग लिहिणाऱ्या एआयला ही माहिती देऊन पाचच स्वरांत बसणारे पलटे मागितले. त्याने रोज नवे पलटे दिले, मराठीत समजावून दिले, कंटाळा केला नाही. (एकदा पंचमाच्या वरचा धैवतही घातला, संगीताच्या शिक्षकांनी तो खोडला.) बंद खोलीत, कोणी हसणार नाही अशा ठिकाणी, सहा आठवडे तो मुलगा गायला. हा लाभ मी कमी लेखणार नाही. ज्या मुलाच्या घरी संगीताचे पाठबळ नाही त्याला शंभर वेळा तीच शंका विचारता येणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र स्तुती करण्यात यंत्र फार उदार निघाले. सूर लागो न लागो, शाबासकी ठरलेली. चार दिवसांत मुलानेच मला विचारले, “सर, ह्यो खोटा बोलता काय?”

गाणे तयार करणाऱ्या यंत्राचा अनुभव अधिक बोलका ठरला. मालवणी बोलीत, मुलांना गाता येईल असे बाबासाहेबांवरचे गीत आम्ही मागितले. चाल हिंदी चित्रपटाची निघाली. मालवणी शब्दांचे उच्चार पुण्यामुंबईकडचे, आणि बाबासाहेबांना उद्देशून ‘प्रभू’, ‘चरणी’, ‘देवा’. ज्यांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांची यंत्राने आरती केली! यंत्राच्या मनात काही नव्हते. भारतीय भाषेत थोर पुरुषाचे गाणे म्हटले की पुढे काय येते एवढेच त्याने पाहिले. खरे सांगायचे तर आपल्याही काही भीमगीतांत हा भक्तीचा सूर आहे, तेव्हा सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण वर्गातील चाळीस मुलांनी अशी चाळीस गाणी रोज ऐकली, तर वामनदादांची चाल त्यांना कानाला परकी वाटू लागेल, ही भीती खोटी नाही.

येथे मला एकलव्य आठवतो. त्याला गुरूने नाकारले, तो मातीच्या पुतळ्यासमोर शिकला, आणि अंगठा मात्र खऱ्या गुरूने येऊन मागितला. टॅबलेटमधील शिक्षक हा असाच पुतळा आहे. तो जात विचारीत नाही, दारात उभे करीत नाही. अंगठा कोण आणि कधी मागणार, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या प्रकरणात अंगठा म्हणजे मुलांचा आवाज. आम्हाला दाखविलेल्या एका ॲपच्या अटींत असे होते, की ध्वनिमुद्रणे कंपनी स्वतःच्या यंत्रणेच्या सुधारणेसाठी वापरील. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळण्याजोगी संमती घेण्याची, तसेच मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती न दाखविण्याची तरतूद आहे. पण आपले बहुतेक पालक ट्रॉलरवर, चिरेखाणीत, काजूच्या कारखान्यात कामाला. इंग्रजीतील वीस पानी अटींखाली केलेल्या सहीला संमती म्हणावे काय?

जून २०२४मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो व उडिओ यांच्यावर दावे लावले, की आमची गाणी विनापरवाना यंत्राला ऐकविली. पुढे त्यांतील काहींनी तडजोडीचे करारही केले. त्यांच्याकडे वकील होते. आपल्या आज्यांनी जात्यावर, सभेत, मोर्चात गायिलेल्या बाबासाहेबांच्या ओव्यांसाठी दावा कोण लावणार?

समितीपुढे मी पुढील शिफारस केली आहे. प्रत्येक मुलाला टॅबलेट नको. शाळेच्या दोन लॅपटॉपांवर, इंटरनेट बंद ठेवूनही चालेल असे, सूर मोजण्याचे साधन असावे. पलट्यांसाठी लिहिणारे एआय शिक्षकाने वापरावे. मुलाचे नाव आणि आवाज त्याला देऊ नये. गाणे तयार करणारे यंत्र नववी-दहावीच्या वर्गात जरूर आणावे, पण ते काय चुकते हे मुलांनी शोधून काढावे म्हणून. आणि जून महिन्यात प्रत्येक मुलाची पट्टी एका वहीत लिहून ठेवावी, वर्षातून दोनदा ती तपासावी. या शेवटच्या कामाला यंत्रही लागत नाही, पेटी आणि कान पुरतात. ते आम्ही इतकी वर्षे का केले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

तो मुलगा आता नववीत आहे. शनिवारची वंदना आम्ही काळी एकवर घेतो. त्या दिवशी लहान मुलींना थोडे खाली उतरावे लागते, आणि त्या कुरकुरतात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी जुन्या जलशांच्या, भीमगीतांच्या, आज्यांच्या ओव्यांच्या कॅसेट असतील तर त्या कोठेही अपलोड करण्यापूर्वी शाळेत आणाव्यात. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे साल कागदावर लिहून सोबत द्यावे. शाळेचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आहे.