आजोबांनी जपून ठेवलेलं पत्र



आजचं वाचन : श्रीएकनाथी भागवत, अध्याय ७, कपोताची कथा.

अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यातला आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं अडकतात. ते पाहून आई जाळ्यात झेप घेते, तिच्यामागे बापही. पारध्याला अख्खं कुटुंब एकाच फेरीत मिळतं. अवधूताने यातून घेतलेला धडा असा, की माणसांत इतकं गुंतू नये.

खरं सांगतो, मागच्या आठवड्यात हा अध्याय मी माझ्या सोयीने वाचला.

तेल्हाऱ्याहून बाबांचा फोन आला होता. "सुट्टीत पोरीले धाडतं काय रे इकडे?" मुलगी सात वर्षांची. पुण्यात तिचे पोहण्याचे आणि अबॅकसचे क्लास ठरलेले, फी भरलेली. मी म्हणालो, "पाहू." बाबांनी लगेच विषय बदलला. वान धरणात यंदा पाणी किती आहे ते सांगू लागले. मग आईने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "दिवाळीले तुम्ही गेले तवापासून हे तिची सायकल रोज पुसतात."

मला वाईट वाटलं. पण लगेच कपोत आठवला. म्हटलं, बाबा फारच गुंतलेत. पोथीतला धडा त्यांच्यावर लावला आणि लॅपटॉप उघडला.

काल मात्र नाथांचं चरित्र पुन्हा वाचलं. नाथांचे आईवडील, रुक्मिणीबाई आणि सूर्यनारायण, ते तान्हे असतानाच गेले. पैठणच्या घरात त्यांना वाढवलं आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी. हे चक्रपाणी म्हणजे संत भानुदासांचे चिरंजीव. ज्यांनी पोटचा मुलगा आणि सून गमावली, त्यांचा सगळा जीव या एका नातवात. आणि हा नातू लहान वयातच, घरी न सांगता, गुरूच्या शोधात देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला.

पुढची गोष्ट परंपरेत अशी सांगतात. आजोबांना पत्ता लागला आणि ते देवगिरीला पोहोचले, तोवर नाथ तीर्थयात्रेला गेलेले. जनार्दनस्वामींनी आजोबांच्या हाती एक पत्र दिलं : हे वाचशील तिथेच राहा, गृहस्थाश्रम कर. आजोबा पत्र घेऊन पैठणला परतले आणि वाट पाहत राहिले. नाथ पैठणला आले तेही गावाबाहेर उतरले. म्हाताऱ्या आजोबांनी तिथे जाऊन नातवाच्या हातात पत्र दिलं. नाथ त्याच जागी थांबले. तिथेच त्यांचा संसार उभा राहिला.

इथे माझं वाचन अडखळलं. गुंतलेले तर चक्रपाणीही होते. पण कपोतासारखी त्यांनी झेप घेतली नाही. नातवाच्या साधनेच्या आड आले नाहीत, 'आमचं कसं होणार' म्हणून त्याला ओढून आणलं नाही. जीव लावला आणि धीरही धरला. आणि पत्रातली आज्ञा कोणाला होती? तरुणाला. मोह सोडायचा उपदेश आजोबांना नव्हता, थांबायची आज्ञा नातवाला होती.

हेच नाथ पुढे स्वतः आजोबा झाले. ओवीबद्ध महाभारत लिहिणारे मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव. १५७३ मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण करणारे नाथ असे घरात राहूनच विरक्त होते.

मग बाबांकडे पाहिलं. त्यांनी एकदा विचारलं, माझं 'पाहू' ऐकलं आणि धरणाच्या पाण्याबद्दल बोलू लागले. हट्ट नाही, टोमणा नाही. गुंतलेलो मीच होतो, भरलेल्या फीमध्ये आणि मुलगी मागे पडेल या भीतीमध्ये.

रात्री बायकोशी बोललो. ती म्हणाली, "अबॅकस पुढच्या वर्षीही असेल." पुढचं वाक्य ती बोलली नाही. बाबा ७१ वर्षांचे आहेत.

शेगावपर्यंतची तिकिटं काढली, पुढे एसटी. बाबांना फोन केला. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "सायकलच्या चाकात हवा भरून आणतो."

आजचा संकल्प : आजीआजोबांना फोन करा. तब्येत विचारून ठेवून देऊ नका. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारा. घरात मूल असेल तर स्पीकर चालू ठेवा.

रामकृष्ण हरी.