गिऱ्हाईकाचा स्वभाव की संध्याकाळची वेळ? धंद्यासाठी सामाजिक मानसशास्त्र : भाग १

या आठवड्याच्या व्हिडिओत तीन संकल्पना भरभर सांगून झाल्या. इथे त्या सावकाश, उदाहरणांसकट लिहून देतोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

नवीन धंदा सुरू केलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "इथली लोकंच तशी आहेत, सर!" कद्रू आहेत, शिष्ट आहेत, त्यांना फक्त ऑनलाइनच लागतं, वगैरे. हे वाक्य महागात पडतं. लोकांचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही. मग हातात दोनच गोष्टी उरतात, भाव पाडणं किंवा दुकान बंद करणं. कारण परिस्थितीत असेल तर मात्र बरंच काही करता येतं. सामाजिक मानसशास्त्र म्हणजे नेमकं हेच. आजूबाजूची माणसं, जागा आणि वेळ यांचा आपल्या वागण्यावर काय परिणाम होतो, त्याचा अभ्यास.

आपण घोडबंदर रोडचंच उदाहरण घेऊ. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधून हा मोठा रस्ता. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्यावर, मेट्रो चारचं काम वर्षानुवर्षं याच रस्त्यावर, पुढे गायमुखचा घाट. आणि मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा इथल्या हजारो घरांतली माणसं कामावरून परत येतात तीही याच रस्त्याने.

समजा, एका ताईंनी कासारवडवलीत मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर बेसनाच्या लाडवांचं टेबल लावलं. वेळ संध्याकाळी साडेसात. "चव तरी बघा" म्हणून त्या हाका मारतात, पण कोणी थांबत नाही. चार दिवसांनी त्यांचा निष्कर्ष तयार : टॉवरमधली लोकं शिष्ट आहेत. आता बघू, तो बरोबर आहे का.

१. आधी परिस्थिती बघा, मग स्वभाव

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त आणि परिस्थितीला कमी महत्त्व देतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला नाव दिलं. मराठीत त्याला 'मूलभूत गुणारोपण दोष' म्हणता येईल. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. मी उशिरा आलो तर ट्रॅफिक होतं. तो उशिरा आला तर तो बेफिकीर आहे.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी निवडले. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटं भाषण करायचं होतं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला, म्हणजे तसा मुद्दाम बसवलेला. ज्यांच्याकडे भरपूर वेळ होता त्यांतल्या ६३ टक्क्यांनी मदत केली. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं त्यांतल्या फक्त १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषय तर अडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट हाच होता. त्यानेही फारसा फरक पडला नाही. फरक पाडला घाईने.

म्हणजे स्वभाव काहीच नसतो असं नाही. घाईतही काही जण थांबलेच, आणि वेळ असूनही काही जण निघून गेले. पण घाईचं वजन आपण धरतो त्यापेक्षा खूप जास्त असतं.

आता लाडवांच्या टेबलाकडे परत या. साडेसात वाजता गेटमधून आत जाणारा माणूस तासभर रस्त्यावर अडकून आलाय. त्याला घर दिसतंय, मूल वाट बघतंय. त्याला चव बघायची नाहीये. तोच माणूस रविवारी सकाळी नऊ वाजता पिशवी घेऊन भाजीला निघतो, तेव्हा थांबतो आणि बोलतोही.

मग काय करायचं? एक, चव दाखवण्याचं काम रविवारी सकाळी. दोन, संध्याकाळी फक्त झटपट विक्री : पाव किलोची बांधलेली पाकिटं, भाव मोठ्या अक्षरात, क्यूआर कोड लांबून दिसेल असा. तीन, मोजा. तोच माल, तोच भाव. किती जण थांबले आणि किती जणांनी घेतलं, हे दोन आकडे दोन्ही वेळांना लिहा. दोन-तीन आठवडे रविवारी सकाळीही कोणी थांबलं नाही, तर मालाकडे आणि भावाकडे वळा.

हाच नियम आपल्या कामाच्या माणसालाही लावा. पोऱ्या उशिरा आला की "कामचुकार" म्हणण्याआधी त्याची बस कुठे अडकली होती ते विचारा. रस्ता मोकळा असलेल्या दिवशीही तो रोज उशिरा येत असेल, तर मग बोला.

२. ओळख अंतरावर ठरते

लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या विद्यार्थी वसाहतीत अभ्यास केला. १९५० मध्ये तो पुस्तकरूपात आला. प्रश्न साधा : इथे तुमची मैत्री कोणाशी? एकाच मजल्यावर लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांशी मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. अंतर काही पावलांचंच! जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त, कारण येता-जाता सगळे त्यांना भेटायचे.

यातून धंद्याला काय मिळतं? दहा कॉम्प्लेक्समध्ये हजार पत्रकं वाटण्यापेक्षा एक कॉम्प्लेक्स, त्यातली एक विंग पक्की धरा. तिथल्या "टपालपेट्या" शोधा. आपल्याकडे त्या म्हणजे लिफ्टची लॉबी, सकाळी शाळेच्या बसची जागा, क्लबहाऊस, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. सोसायटीच्या कमिटीची रीतसर परवानगी घ्या आणि दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी दिसा. नुसतं वारंवार दिसल्यानेही आवड वाढते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं. पण पहिलीच भेट कडू झाली असेल, तर वारंवार दिसणं उलटं पडू शकतं. म्हणून पहिला डबा चोख.

३. चारचौघांत माणूस वेगळं बोलतो

सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये एक साधी चाचणी घेतली. तीन रेषांपैकी कोणती दिलेल्या रेषेएवढी आहे, ते सांगायचं. उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट. पण खोलीतली बाकीची मंडळी आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायची. अशा वेळी खऱ्या सहभागींची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे जाऊन चुकली. दुसऱ्या कोणी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, किंवा उत्तर गुपचूप कागदावर लिहायचं असलं, की चुका खूपच कमी व्हायच्या.

आता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. "लाडू कसे वाटले?" असं तिथे विचारलंत, की पहिला म्हणतो "मस्त", आणि मागोमाग वीस अंगठे. तुम्ही खूश, पण पुढची ऑर्डर येत नाही. तुमच्या हातात खरं मत आलेलंच नसतं. घरातही तेच : सासूबाईंनी छान म्हटलं की सगळ्यांनाच छान लागतं! म्हणून मत नेहमी एकेकट्याला विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा. "गोड जास्त झालं की कमी?" घरात चिठ्ठ्या लिहून घ्या.

उलट, एखाद्याने मनापासून कौतुक केलं तर "ग्रुपवर दोन ओळी लिहाल का?" असं जरूर विचारा. पहिला आवाज उठला की गप्प बसलेल्यांना धीर येतो. पण भावाला, मैत्रिणीला ग्राहक बनवून खोटं कौतुक लिहून घेऊ नका. मुद्दा दोन आठवा : ही माणसं रोज एकाच लिफ्टमध्ये भेटतात. चांगली बातमी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने "ते सगळं ठरवून होतं" हेही संध्याकाळपर्यंत विंगभर होतं. गेलेला विश्वास परत मिळवायला वर्षं लागतात.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात : गिऱ्हाईक काय वागलं. दुसऱ्यात : मला त्याच्या स्वभावाबद्दल काय वाटलं. तिसऱ्यात : तेव्हा वेळ काय होती, तो कुठून आला होता, सोबत कोण होतं. सात दिवस रोज निदान तीन नोंदी. आठव्या दिवशी तिसऱ्या रकान्यात जे वारंवार आलंय, त्यातली एकच गोष्ट बदला. वेळ बदला, नाहीतर जागा, नाहीतर विचारण्याची पद्धत. सगळं एकदम बदललंत, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पुढच्या भागात : आधी छोटा होकार, मग मोठा होकार. तोपर्यंत वही भरा आणि तिसऱ्या रकान्यात काय सापडलं ते कळवा!