भिजलेल्या सोयाबीनचं बायोडिझेल

प्रश्न : परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन बायोडिझेलला चालेल का?

उत्तर : चालेल, पण कारखानदार नाक मुरडेल. काळवंडलेल्या दाण्यांच्या तेलात मुक्त मेदाम्लं वाढलेली असतात; बायोडिझेल बनवताना कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन नीट खाली बसत नाही. आधी आम्लप्रक्रिया करावी लागते, म्हणजे जादा खर्च. उलट, दाणे भरताना पावसाने ओढ दिली तर सहसा तेल घटतं, प्रथिनं वाढतात. त्या वेळी उष्मा असेल तर लिनोलेनिक आम्ल कमी राहतं. असं तेल लवकर खवटत नाही, इंधनाला बरंच. तरी सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18-20 टक्के, तेही खाण्याचं. इंधनच काढायचं तर बांधावर करंज लावा. तोही शेंगवर्गीयच, बियांत तेल 30 टक्क्यांच्या आसपास, आणि कडू असल्याने कढईत जाण्याची भीती नाही. मात्र फळासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागेल.