नळी नको म्हटली म्हणून

नागपूर

चि. सुमित यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. काटोलकडची एक म्हातारी, जुन्या दम्याची, "गळ्यात नळी टाकू नका" म्हणाली, आणि तू तिच्या लेकाला "मग घरी न्या, आता आमच्याजवळ काही नाही" असं सांगितलंस म्हणे. खरं असेल तर फार वाईट केलंस रे. रात्री मला झोप लागली नाही.

तिने व्हेंटिलेटरच्या नळीला नाही म्हटलं. तेवढंच.

जन्मभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबले, म्हणून बोलते. आधी एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, बघ. कार्बन डायऑक्साइड साठला असेल तर मास्कमधून श्वासाला जोर देणारं बायपॅपच तिला तारेल. अशा पेशंटला ऑक्सिजन सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के पुरे. 99 च्या हट्टाने ऑक्सिजन वाढवत गेलास तर ती गुंगीत जाईल. न्यूमोनिया असेल, नुसता ऑक्सिजनच कमी पडत असेल, तर नाकातून हाय फ्लो ऑक्सिजन लावून बघ. मिनिटाला 60 लिटरपर्यंत गरम, दमट हवा जाते आणि तोंड मोकळं राहतं. गिळता येत असेल तर चहाचा घोट घेता येतो, लेकाशी बोलता येतं. बायपॅपचा मास्क नाकावर रुततो, उलटी झाली तर ती फुप्फुसात जायची भीती. म्हातारी माणसं घाबरून तो ओढतात, आणि आपण त्यांचे हात बांधतो. तसं करू नकोस बाबा. थोडा वेळ मास्क, थोडा वेळ हाय फ्लो, असंही चालतं.

तुझ्या आजोबांचं तुला माहीतच आहे. शेवटच्या रात्री ते मास्कच्या आतून काहीतरी बोलून राहिले होते. मी नवी नवी नोकरीला लागलेली, मास्क हलवू नये एवढंच शिकलेली. आईबद्दल म्हणत होते की वावराबद्दल, ते आम्हा भावंडांना कधीच कळलं नाही.

आणि नकार कशापायी आहे, तेही विचार. कोरोनात, 2021 च्या एप्रिलमध्ये, विशाखापट्टणमहून रेल्वेने ऑक्सिजनचे टँकर आपल्या नागपुरात उतरले होते, आठवतं? व्हेंटिलेटरवर गेलेला परत येत नाही, हे तेव्हापासून घराघरांत बसलंय. निव्वळ भीती असेल तर नीट समजावून सांग. विचार करून नको म्हणत असेल तर तिचं ऐक आणि केसपेपरवर स्वच्छ लिही. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये उपचारांबद्दलच्या इच्छापत्राची रीत सोपी केली. पण शुद्धीवरच्या माणसाला नाही म्हणायला तोही कागद लागत नाही.

मशीन झेपलंच नाही तर मॉर्फिनचा लहान डोस आहे, तोंडावर पंख्याचा वारा आहे. दम लागल्याची तडफड कमी करणं हाही उपचारच. नळी नको म्हटली म्हणून "काही नाही" कसं म्हणालास?

जाऊ दे. एवढे बेड, रात्रभर तू एकटा, पोटात धड अन्न नाही, हे मला कळतं. लहानपणी माझ्या ड्यूटीच्या चपला घालून घरभर फिरायचास तू. रागावले तरी जीव तुझ्यातच अडकलेला असतो. ती अजून वॉर्डात असेल तर तिच्याजवळ बस, तिला काय हवं ते विचार. घरी गेली असेल तर लेकाला फोन करून परत बोलाव. आणि ड्यूटी सुटली की इकडे ये, जेवून झोप.

तुझी,
आत्या