टाकीतले न दिसणारे गडी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. त्यांच्या परसात शेणाच्या गॅसची टाकी आहे. दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो. मागल्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी लग्न निघाले. उरलेला भात, बुंदी वाया कशाला घालवायची, म्हणून घरच्यांनी पातेलीच्या पातेली टाकीत ओतली. चार दिवसांनी शेगडी पेटेना. गॅस यायचा, पण काडी लावली की विझायचा. आंबूस वास सुटला. मावशी पुन्हा धुरात बसल्या. डोळे पुसत त्यांनी आम्हांला विचारले, "शेणात बिघडण्यासारखं असतं तरी काय हो?"

उत्तर देताना आमचीच तारांबळ उडाली. म्हणून हा धडा.

शेणाचा गॅस आपोआप होत नाही. टाकीत जंतू राबतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतले पुष्कळसे गाईच्या पोटातून शेणाबरोबरच येतात. त्यांची कामे वाटलेली असतात. काही जंतू गवताच्या काड्या, दाणे फोडतात. काही त्याचे आम्ल करतात, म्हणजे आंबवतात. शेवटचे गडी मिथेन करतात. जळतो तो हा मिथेन. त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जळत नाही.

मिथेन करणारे गडी फार नाजूक. हवा लागली की त्यांचे काम बंद. आंबटपणा वाढला की तेच. शिवाय त्यांची वाढ सावकाश. भात-बुंदी आंबवणाऱ्यांनी झटपट फस्त केली. आम्ल साठले. मिथेनवाले मागे पडले. मग शेगडीत जळणारा गॅस येणार कुठून?

आता हे गडी ओळखायचे कसे? पूर्वी शास्त्रज्ञ जंतू काचेच्या बशीत वाढवून ओळखत. पण टाकीतले पुष्कळ जंतू बशीत वाढतच नाहीत. हवा त्यांना सोसत नाही आणि एकाला दुसऱ्यावाचून करमत नाही. तेव्हा दुसरी वाट निघाली.

प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लेख असतो. तो कसा वाढेल, काय काम करील, ते त्यात असते. आपल्याला मुळाक्षरे गिरवताना घाम फुटला की नाही? या लेखात अक्षरे फक्त चार. पण तीच फिरून फिरून लाखो वेळा येतात. १९७७ साली कार्ल वूझ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा लेखांचे तुकडे ताडून पाहिले. मिथेन करणारे जीव इतर जंतूंच्या घराण्यातलेच नाहीत, असे त्याला दिसले. त्या वेगळ्या घराण्याला आता आर्किया म्हणतात. १९९६ साली अशा एका जिवाचा सगळा लेख वाचून झाला. सोळा लाखांहून जास्त अक्षरे! तो जीव पॅसिफिक समुद्राच्या तळातल्या ऊन झऱ्यापाशी सापडलेला.

२००८ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या मुरघासावर चालणाऱ्या एका टाकीतली मळी घेतली. जंतू वेगळे न करताच सगळ्यांचे लेख एकदम वाचले. शंभर पोथ्या फाडून एका पोत्यात भराव्यात आणि कपटे जुळवून वाचावेत, तसे हे काम. तिथे काड्या फोडणारे जंतू सापडले आणि मिथेनवाल्यांत मिथॅनोकुलियस नावाचे कुळ पुष्कळ दिसले. त्या कुळातल्या एकाचा पुरा लेख २०१२ साली छापला गेला.

मात्र एक ध्यानात असू द्या. लेखावरून गड्याला कोणते काम येते ते कळते. तो आज कामावर आहे की नाही, ते नुसत्या लेखावरून कळत नाही. मेलेल्या जंतूचाही लेख वाचता येतो.

मावशींचे मालक टाकीचे झाकण काढून आत उतरणार होते. आम्ही त्यांना हाताला धरून मागे ओढले. आत श्वासापुरती हवा नसते, विषारी वायू असतो. अशा टाक्यांत माणसे गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलीही गेली आहेत. तेव्हा उतरू नका. जवळ विडी-काडीही नको.

आम्ही सांगितले ते एवढेच. काही दिवस टाकीत काही घालू नका. मग शेजारच्या चालू टाकीतली मळी चार घमेली आणून घाला. ती बियाण्यासारखी. नंतर ताज्या शेणाचा काला थोडा थोडा वाढवत न्या. मावशींनी तसे केले. तीन आठवडे त्यांनी चुलीवरच भाकरी थापली. मग एका सकाळी काडी लावली आणि निळी ज्योत राहिली. आता उरलेला भात त्या मूठभरच घालतात, तोही शेणात कालवून.